डोंगर, कालवा आणि खार : ग्रुप ग्रामपंचायतीतले अनुभवाचे बोल

रोहा तालुक्यातल्या एका ग्रुप ग्रामपंचायतीचा मी सदस्य होतो. वर डोंगरात कातकरी-ठाकरांच्या वाड्या, मधे भाताची गावं, खाली कुंडलिकेच्या खाडीला लागलेली खार. कारभार एकच, अडचणी मात्र प्रत्येक उंचीवर वेगळ्या. त्या कारभारात जे उमगलं ते नव्या सदस्यांसाठी लिहितो आहे.

१. निवडून आल्यावर आधी आपली हद्द पाण्याच्या वाटेने चालून बघा.
कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं, एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते पाणी, घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येतं. १९२७ पासून हे चालू आहे. तेच पाणी पुढे डोलवहाळ बंधाऱ्यात अडतं आणि कालव्यांनी शेतात जातं. म्हणून कालव्याखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी भात घेता येतो. त्याच पंचायतीतल्या वाडीवर मात्र एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पावसाळ्यात एवढा पाऊस कोसळतो, पण कातळावरून तो वाहून जातो. कालवा उताराने खाली जातो, वाडी वर राहते. ही चढण पायाखाली घातली नाही तर बैठकीत वाडीची मागणी नेहमी ‘पुढच्या वर्षी बघू’त जाते.

२. कोणतं काम कोणत्या खात्याचं, हे पाठ हवं.
घराची नोंद नमुना ८ ला, ती ग्रामपंचायतीकडे. सातबारा तलाठ्याकडे. कालवा पाटबंधारे खात्याचा. सरकारी योजनेतली खारबंदिस्ती खारभूमी विभागाची. उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढचे काही हंगाम भाताला मुकावं लागतं. अशा वेळी लोक सरपंचाच्या दारात येतात. बांध पंचायतीचा नाही, हे खरं. पण ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नये. त्याच दिवशी पंचनाम्याची मागणी करावी, ठराव जोडून पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीचा मागोवा कुठेच राहत नाही.

३. ग्रामसभेची तारीख वाडीच्या पंचांगाशी जुळवा.
मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढी माणसं रस्त्याकाठच्या गावातूनच जमतात आणि सभा कायदेशीर ठरते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही सभांना वाडी रिकामी. ती घरी असते १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला. वाडीच्या पाण्याचा, रस्त्याचा, घरकुलांचा विषय या दोन सभांतच घ्या. महिला सभा तर वाडीवरच भरवा, कारण हंडा वाहणारी बाई जागेवर जे दाखवते ते अर्जात येत नाही.

४. पैशाचे नियम वाडीच्या बाजूचे आहेत, ते वापरा.
स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. अंदाजपत्रक वाचताना हे आकडे समोर ठेवून प्रश्न विचारावा.

५. वाडीला स्वतःची सभा हवी.
अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यात पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा मिळू शकते. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आपल्या वाड्यांना तो अधिकार नाही. पण लहान वस्तीला स्वतःची सभा देता येते: जर्मनीत ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात काहीशे वस्तीच्या गावालाही स्वतःची परिषद आणि मानसेवी महापौर असतो. कचेरी मात्र अनेक गावं मिळून एकच चालवतात. आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीत कचेरीबरोबर आवाजही एकत्र झाला आणि त्यात लहान वस्तीचा आवाज बुडाला. कचेरी एक राहू दे, पण वाडीचे निर्णय वाडीवर व्हावेत.

तोवर एवढं करा. २ ऑक्टोबरच्या सभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाडीवर जाऊन वाचून दाखवा, आणि येताना तिथल्या बायकांना सोबत घेऊन या.