बिनकाट्याचा निवडुंग लावावा का?

प्रश्न : आमचे रान मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. निवडुंग पाण्याशिवाय येतो म्हणतात. शेळ्यांसाठी लावावा का? बांधावरचाच फड्या चालेल का?
– एक शेतकरी, माण (जि. सातारा)

उत्तर : जरूर लावा. मात्र ‘पाण्याशिवाय’ हा गैरसमज आहे. निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात, म्हणून बाष्प कमी उडते. तरी उन्हाळ्यात अधूनमधून पाणी मिळाले तर वाढ कितीतरी चांगली होते.

बांधावरचा फड्या मात्र नको. त्याचे केसासारखे बारीक काटे जनावरांच्या तोंडात रुततात. बिनकाट्याच्या बेण्यासाठी उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेकडे किंवा जोधपूरच्या ‘काझरी’ या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेकडे चौकशी करा. कापलेली पाने (खरे तर ती खोडेच) आठ-दहा दिवस सावलीत सुकवूनच लावा, ओली जखम मातीत कुजते. पाणी साचणारी जागा टाळा.

या चाऱ्यात सुमारे 90 टक्के पाणी आणि प्रथिने अगदी कमी. नुसता दिला तर शेळ्यांना हगवण लागते. तुकडे करून कडबा, भुसा यांत मिसळा. सुरुवात एखाद्या गुंठ्यावर करा आणि पहिल्या वर्षी कापणी करू नका.