मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

रोममध्ये १५५९ साली सुरू झालेल्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीचे बंधन ख्रिस्तसभेने १९६६ साली संपवले. निवड आता आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवली आहे. मुलांसाठी ही जबाबदारी आपणा आईवडिलांची.

मुखपृष्ठ पाहून पुस्तक नाकारणे सोपे असते. सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात चेटकीण आहे. पण तिला हरवतो तो दुसऱ्यासाठी प्राण देऊन पुन्हा उठलेला सिंह. म्हणून आधी आपण स्वतः वाचूया. वाईटाला वाईट म्हटले आहे का, दुबळ्यांची थट्टा केली आहे का, हे पाहूया. शंका वाटल्यास मुलांसोबत बसून वाचूया. हिसकावून घेतलेले पुस्तक मुले मित्राकडे वाचतील. तेव्हा त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला आपण जवळ नसू.