वासोट्याच्या रानात वाट चुकली तर

किल्ला म्हटला की आपल्याला बुरूज नि तोफा आठवतात. पण आपल्या सातारा जिल्ह्यातला वासोटा हा वनदुर्ग आहे. तिथे किल्ल्यापेक्षा रानच मोठे. माझे काका बामणोलीला लाँच चालवतात, त्यामुळे त्या रानाच्या गोष्टी आमच्या घरी रोजच्याच.

बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने सुमारे दीड तासाने पायथा येतो. हे कोयना अभयारण्य १९८५ साली झाले आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. म्हणून वनखात्याची परवानगी काढूनच जावे लागते. पावसाळ्यात वाट बंद असते आणि रात्री मुक्काम करता येत नाही. या खोऱ्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची झाडी इतकी दाट, की भर दुपारी खाली सावलीच असते. सूर्य मावळायच्या तासभर आधीच रानात अंधारून येते.

आता मुख्य गोष्ट. वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली जावे, गाव लागतेच, असे जुनी माणसे सांगतात. देशावर ते बरोबर आहे. वासोट्याला मात्र तसे करू नये. पश्चिमेकडचे ओढे कोकणात उतरतात, म्हणजे शेकडो फूट कड्यावरून सरळ खाली पडतात. चोरवणे गाव खाली दिसते खरे, पण मध्ये कडा आहे! पूर्वेकडचे ओढे जलाशयाला मिळतात. तिकडे पूर्वी गावे होती, पण धरणामुळे आणि नंतर अभयारण्यामुळे ती उठली. हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. मोबाईलला रेंज नाही.

म्हणून चुकलो असे वाटताच थांबायचे. शेवटची ओळखीची खूण जवळ असेल तर तिथवरच मागे यायचे, नाहीतर आहे तिथेच बसायचे. तीन-तीन शिट्ट्या वाजवत राहायचे. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही. शोधणारी माणसे वाटेवरूनच येतात, आपण भटकलो तर त्यांना सापडणार कसे?

वेळेचे गणित आधी घरीच करावे. लाँच सकाळी ९ ला निघाली तर १०।। ला पायथा. चढायला अडीच तास, म्हणजे १ वाजला. वर तासभर, उतरायला दोन तास, झाले ४. हाती फार वेळ उरत नाही, बघा! काका लोकांना सांगतात, एक वाजला की वर पोचला नसाल तरी मागे फिरा. किल्ला कुठे पळून जात नाही. पायथ्याच्या ओढ्यावरच बाटल्या भरून घ्याव्यात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल असते तोवर जळवा लागतात. जळू ओढून काढू नये, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून बराच वेळ वाहते. घाबरू नये, स्वच्छ फडके दाबून धरावे.

साप चावला तर मात्र घाई हवी. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. पायाला काठी बांधून तो हलू द्यायचा नाही आणि माणसाला उचलून आणायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर सरकारी रुग्णालयात लस मिळते. पण उतरणे, लाँच, मग बामणोलीहून साताऱ्याचे ३५ किलोमीटर, यात चार तास सहज जातात. म्हणून बूट, फुलपँट आणि हातात काठी हवीच. पाचोळ्यात, कपारीत हात घालायचा नाही.

गवा दिसला तर उभे राहून त्याला जाऊ द्यावे. अस्वलाला नीट दिसत नाही, ते एकदम समोर आले तर बिथरते, म्हणून साध्या आवाजात बोलत चालावे. आरडाओरडा नको आणि अत्तरही नको, कारण कड्यांना आग्या मोहोळ असते. माश्या उठल्याच तर डोके झाकून लांब जावे आणि एकही माशी चिरडू नये. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या धावून येतात.