तांबी बसवली असताना पाळी चुकली तर?

प्रश्न : धाकटीच्या बाळंतपणानंतर, चार वर्षांपूर्वी मी तांबी बसवून घेतली. पाळी नेहमी वेळेवर येते. या वेळी नऊ दिवस उलटून गेले. जाऊबाई म्हणतात, ‘आत तांबी असली की तपासणी खोटीच येते.’ मी नवी पेठेत कापड दुकानात कामाला आहे. आजूबाजूचे मेडिकलवाले ओळखीचे, त्यामुळे कीट मागायला संकोच वाटतो. काय करू?
— एक भगिनी, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, उद्या सकाळीच तपासणी करा. जाऊबाईंचा समज बरोबर नाही. गर्भ रुजला की एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत उतरते. कीट फक्त तेच शोधते. तांबीमुळे ते वाढत नाही की लपत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनानेही तपासणी चुकत नाही. अंतरा घेणाऱ्या अनेकींची पाळी लांबते, बंदही होते. तांबीने मात्र पाळी थांबत नाही, उलट अंगावरून थोडे जास्तच जाते. म्हणून तुमची चुकलेली पाळी अंगावर काढू नका.

दुकानात मागायला नको वाटत असेल, तर ‘निश्चय’ कीट आशाताईंकडे मोफत मिळते. उठल्यावरची पहिली लघवी घ्या. दोन रेषा उमटल्या, दुसरी फिकट असली तरी, दिवस गेलेत असे समजा. ‘सी’पाशी एकच रेषा आली तर नाही. ‘सी’पाशी रेषाच नसेल, तर ते कीट बाद. ‘नाही’ येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना भेटा.

तांबी ३८०-ए १० वर्षे काम करते. पहिल्या वर्षात १०० जणींत एकीलाही दिवस जात नाहीत, इतकी ती खात्रीची. पण तांबी असताना दिवस गेलेच, तर गर्भ नळीत रुजलेला असण्याची शक्यता जास्त असते. म्हणून दोन रेषा आल्या तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे किंवा सिव्हिलला जाऊन सोनोग्राफी करा. ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणे, यातले काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नका. नळी फुटली तर जिवावर बेतते. तांबी स्वतः ओढू नका. गर्भ पिशवीत असेल आणि ठेवायचा असेल, तर धागा दिसत असताना डॉक्टरच ती लवकर काढतात. त्याने गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो.

ठेवायचा नसेल, तर साधन निकामी ठरले हे कारण कायद्याला मान्य आहे. २०२१च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याच्या सहीची सक्ती नाही, आणि नाव गुप्त राहते.

आणि उद्या पाळी आली, तरी एकदा तांबीचा धागा तपासून घ्या. ती जागची सरकली असेल, तर तुमचे संरक्षण संपलेले असते, आणि ते आपल्याला आतून कळत नाही.