पहिली किक रविवारी संध्याकाळी

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, गावाकडे कडब्याच्या आडोशाला, कुठे ना कुठे एक चेतक उभी असतेच. अंगावर बोटभर धूळ, सीटचा फोम उंदरांनी पळवलेला, आणि घरातल्या कुणाचा तरी ‘विकायची नाही’ हा हट्ट. आमच्याकडे तो आईचा होता. बाबा गेल्यावर स्कूटर अकरा वर्षं हलली नव्हती.

अशी गाडी समोर आली की पहिला मोह होतो तो किक मारून बघायचा. तो आवरा. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा पिस्टनला चिकटलेल्या असतात, सिलिंडरला आतून गंजाची साय आलेली असते. जोर लावून किक मारली की रिंग तुटते, सिलिंडरवर चरे पडतात, आणि शेकड्यात होणारं काम हजारांत जातं. शनिवारी सकाळी हात घातलात, तर पहिली किक रविवारी संध्याकाळी.

इथे सांगतो आहे ते जुन्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल. १९७२ पासून आकुर्डीत बनलेली ही स्कूटर. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७, म्हणजे १४५ सीसी. व्हॉल्व्ह नाहीत, ऑइल पंप नाही, ठिणगी मॅग्नेटोची असल्यामुळे बॅटरीचीही गरज नाही. बिघडायला यात फारसं काही ठेवलेलंच नाही.

साहित्य: प्लग पाना, चार साधे पाने, स्क्रू ड्रायव्हर, नवा प्लग, टू-टी ऑइल, पाव लिटर तीस नंबरचं ऑइल, पेट्रोलचा नवा पाइप, टाकीच्या कॉकचे वॉशर, वायरींचा पूर्ण सेट, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, खाण्याचा सोडा आणि सलाइनची एक रिकामी बाटली. पुण्यात असाल तर सुटे भाग नाना पेठेत एका फेरीत मिळतात. जुना भाग खिशात घालून न्या, कारण मॉडेलगणिक चिल्लर फरक आहेत आणि काउंटरवर तोंडी वर्णन चालत नाही. काहीही खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

शनिवारची सुरुवात प्लगपासून. इंजिनावरचं उजवं पॅनल काढा, प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग काढून भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल सोडा आणि रात्रभर विसरून जा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून किक पायाने नाही, हाताने, हळूच दाबायची. खाली गेली तर उत्तम. अडली तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा एक रात्र. आमची तिसऱ्या दिवशी सुटली. आठवड्याने सुद्धा हलली नाही, तर हेड उघडावं लागेल; ते काम जुन्या मेकॅनिककडे द्या, शक्यतो पन्नाशीपुढच्या.

ऑइल मुरेपर्यंत टाकी. सीट काढली की टाकी उचलता येते. आधी कॉकच्या दांडीची पिन आणि पाइप सोडवा. जुनं पेट्रोल केव्हाच उडालेलं असतं, तळाशी राहतो तो तपकिरी राळेसारखा चिकटा. तो थोड्या पेट्रोलने सावलीत, उघड्यावर धुऊन काढा, बिडी-सिगारेट लांब. आत गंज दिसला तर कॉकचं भोक बुचाने बंद करून, गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी चहासारखं निघतं. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, दोनदा साध्या पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि आतून टू-टी ऑइलचा हात फिरवा. हा शेवटचा हात चुकला, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाली चढते. कॉकचे वॉशर आणि पाइप मात्र न बघता बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, भेगाळतं.

कार्बोरेटर हा या कामातला सगळ्यात किचकट आणि सगळ्यात समाधानाचा भाग. पांढऱ्या ताटात उघडा, म्हणजे घरंगळलेला जेट दिसतो. फ्लोट, त्याची सुई, जाळी, मेन जेट, पायलट जेट. पायलट जेट उजेडासमोर धरा: सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. बहुतेक वेळा दिसत नाही. पेट्रोलमध्ये तासभर भिजवून हवेच्या पंपाने फुंका. ठिपका गोल आणि स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. तार घालू नका. रस्त्याकडेचे मेकॅनिक क्लच वायरचा एक धागा काढून घालतात हे मलाही माहीत आहे. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. सुईच्या टोकाला खाच पडली असेल तर सुई बदला, नाहीतर कार्बोरेटर गळत राहील.

ठिणगी बघायची ती पेट्रोल झाकून, दूर ठेवून. नव्या प्लगची फट ०.६ मिलिमीटर ठेवा, प्लग कॅपमध्ये बसवून हेडला टेकवा आणि किक मारा (आता इंजिन मोकळं आहे). निळी, चटकन वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी आली तर जुन्या मॉडेलमध्ये नव्वद टक्के दोष पॉइंटचा. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. तिथे बारीक काचपेपर दोनदा ओढा, नंतर कोरा कागद ओढून कचरा काढा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या नंतरच्या गाड्यांना पॉइंट नसतात, त्यांचे जोड घासून बघा.

गिअरबॉक्सचं ऑइल खालच्या बोल्टातून काढा. ते काळं असेल तर चालेल. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, दोनदा बदला. नवं ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, साधारण पाव लिटर. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि पुढे-मागे हिसके द्या. एकदा ‘टक्’ होऊन सुटतात.

चेतकचं सगळं तंत्र वायरींवर: दोन गिअरच्या, क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची, ब्रेकच्या. जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला बारीक तार बांधा. वायर बाहेर येताना तार हँडलमधून आत जाते आणि तिच्याच मदतीने नवी ओढता येते. हे माहीत नसताना एका वायरीत माझी अख्खी दुपार गेली होती.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर टाकून द्या. इथे एक धोक्याची गोष्ट. चेतकची रिम दोन भागांची असते. ते भाग जोडणारे नट सोडवण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. हवा असताना नट सोडवला तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. ड्रम उघडले आहेतच तर ब्रेकचे लायनरही बघा; तेल लागलेलं लायनर धुऊन सुधारत नाही.

आता रविवारची संध्याकाळ. टाकी अजून लावू नका. सलाइनच्या बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल आणि पंधरा मिलि टू-टी ऑइल घाला, बाटली उंचावर धरा, नळी कार्बोरेटरला जोडा. नेहमीचं प्रमाण लिटरला वीस मिलि, पण पहिल्या खेपेला थोडं सढळ चालतं. चोक ओढा आणि किक मारा. पाचसहा किकांत फुर्रर्र झालं नाही तर प्लग काढून बघा: ओला असेल तर पुसा, चोक बंद करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून पुन्हा किक, कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. गाडी तिरकी करण्याचा बापजाद्यांचा तोडगा टाकीच्या तळाचं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी आणण्यासाठी होता, बंद जेटवर तो इलाज नाही.

चालू झाली की पांढऱ्या धुराने पार्किंग भरेल आणि वरच्या मजल्यावरचे काका खिडकीत येतील. दहा मिनिटांत धूर ओसरायला हवा. ओसरला नाही आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत गेलं, तर क्रँकचं सील कडक झालं आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन सुसाट पळत असेल तर फ्लायव्हीलकडचं सील हवा खेचतं आहे. लगेच बंद करा. सील न बदलता अशी गाडी चालवणं म्हणजे पिस्टन जाळणं.

रंग सगळ्यात शेवटी. लोक आधी रंगाकडे धावतात, मग चकाचक स्कूटर ढकलत गॅरेजला नेतात. रंगाआधी पायाखालची मॅट उचला. पत्रा तिथेच सडतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचा, आरपार गेला तर वेल्डिंग आणि रेड ऑक्साइड, पुट्टी नाही. आणि रंगवाल्याला चासिस नंबरवर टेप लावायला सांगा. आमच्या रंगवाल्याने नंबर पुट्टीने बुजवला. आरटीओत पेन्सिलची छाप उठेना, परत येऊन रंग खरवडला.

कागदांचं थोडक्यात. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला फॉर्म २५, तीही दर पाच वर्षांनी. विमा आणि पीयूसी वेगळं. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तिच्यावर रोज भाजी आणता येत नाही. गाडी वापरायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल तेव्हा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. आमची चेतक आता दोन किकांत सुरू होते. पावसाळ्यात चार लागतात.