मूळ वेतन आणि दिवाळीचा बोनस

प्रश्न : माझा मुलगा नाशिकच्या एका केंद्रीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. मूळ वेतन २५,५०० रुपये असताना बोनस ६,९०८ रुपयेच कसा?

उत्तर : मूळ वेतन हा मुशाहिऱ्याचा पाया असून महागाई भत्ता आणि नाशिक ‘वाय’ वर्गातील शहर असल्याने त्या दर्जाचा घरभाडे भत्ता हे दोन्ही त्याच्याच टक्केवारीने आकारले जातात, तदर्थ बोनसचा हिशेब मात्र, प्रत्यक्ष वेतन त्याहून कितीही अधिक असो, दरमहा ७,००० रुपयांच्या कमाल मर्यादेवर होतो, आणि ती रक्कम ३०.४ ने भागून ३० दिवसांनी गुणली असता आपण लिहिलेलाच आकडा येतो. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून वेतने वाढवली, तरी २०१४ ची ही मर्यादा जैसे थे राहावी, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते. रेल्वेत बोनसचे दिवस अधिक, मर्यादा तीच.