शाळेच्या दारात पालकांसोबत उभे राहताना



जूनमध्ये आपल्या मंडळ्यांनी वह्या, दप्तरे आणि छत्र्या पाठवल्या. त्या पनवेल, खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या वाड्यांवर पोचल्या. पण कातकरी मुलांची शाळा जूनमध्ये सुटत नाही, ती दिवाळीनंतर सुटते. वीटभट्टीचा मालक किंवा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. भाताची कापणी उरकली की टेम्पो येतो आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे असे सगळे कुटुंब निघते. ते परतते पावसाच्या तोंडावर. मधल्या सहा-सात महिन्यांत ते मूल कोणत्या शाळेचे, हा प्रश्न या अंकाच्या अभ्यासपाठात घेतला आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील जे सभासद पालकांसोबत शाळेत जातात, त्यांना शाळेचे नियम नीट ठाऊक असावेत म्हणून हे लिहीत आहे. मूल जाण्याआधी दाखल व्हावे लागते, म्हणून सुरुवात प्रवेशापासून करू.

आपल्या वाड्यांवरच्या आयांना शाळेत एकच वाक्य ऐकू येते: ‘कागद घेऊन या.’ बोलणाऱ्या बाई वाईट नसतात. त्यांनाही वर माहिती भरून पाठवायची असते. पण ऐकणारी माघारी फिरते ती पुन्हा येत नाही. म्हणून कायदा काय म्हणतो ते आपल्याला तोंडपाठ हवे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्याचे कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा सुईणबाईंची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, तेही नसेल तर आईवडिलांनी स्वतः लिहून दिलेले वय चालते. कलम १५ प्रमाणे प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी मुलाला घ्यावेच लागते. कलम ५ म्हणते की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा मुलाला थांबवू शकत नाही. आधारकार्ड शाळाप्रवेशासाठी सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. कार्ड काढून घ्यावे, पुढे ते लागतेच. पण आधी मूल वर्गात, मग कार्ड.

दहा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल तर तिला पहिलीत बसवायचे का? नाही. कलम ४ नुसार तिला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला शाळेने विशेष प्रशिक्षण द्यायचे असते, कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे. तिला चौदा वर्षे पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच पुरे करता येते. दहा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलांत बसवले की ती लाजेने चार दिवसांत घरी येते. ते आपण पाहत आलो आहोत.

आता एका वहीविषयी थोडे सविस्तर. शाळेत ‘जनरल रजिस्टर’ नावाची मोठी वही असते. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-जमात हे सगळे तिच्यात चढते आणि पुढे शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरूनच निघतो. गुरुजी भराभर विचारतात, वडील खाली मान घालून पुटपुटतात, आणि जे लिहिले जाते ते आयुष्यभर चिकटते. वाड्यांवरच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो असाच. तारखेचे एक वेळ सोडा, जमातीचा रकाना मात्र सोडू नका. तिथे नुसते ‘आदिवासी’ लिहिलेले चालत नाही, कारण अनुसूचित जमातींच्या यादीत त्या नावाची जमातच नाही. यादीत ‘काथोडी’ आणि ‘कातकरी’ ही नावे आहेत. ठाकर असेल तर ‘ठाकर’ किंवा ‘ठाकूर’ जे घरच्या जुन्या कागदावर आहे तेच लिहावे. महाराष्ट्रात जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत त्यांनी तो आणायचा कुठून? त्या घरातले पहिले मूल शाळेत जाते तेव्हा त्याची नोंद हा त्या घरातला पहिला शाळेचा कागद असतो. पवार, वाघमारे, मुकणे, जाधव ही आडनावे इतर समाजांतही आहेत. आडनावावरून काही सिद्ध होत नाही, त्या रकान्यावरून होते. चूक दिसली तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. शाळा सोडल्यावर ते फार अवघड होते.

इथे मंडळीतल्या माणसांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धर्म बदलल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, जमातींसाठी नाही. तरीही धर्माच्या रकान्यात काय लिहायचे ते आईवडिलांनी सांगायचे. आपण शाळेत त्यांचे सोबती म्हणून गेलो आहोत, त्यांच्या वतीने बोलायला नव्हे.

रोजचे नियम सोपे आहेत. पाठ्यपुस्तके मोफत, दुपारचे जेवण शाळेत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. छडी आणि अपमान दोन्हींना कलम १७ ने बंदी आहे. गंमत अशी की वाडीवरचे वडीलच हात जोडून म्हणतात, ‘गुरुजी, चांगला बडवा याला.’ त्यांना समजावणे हे गुरुजींना समजावण्यापेक्षा जास्त कठीण जाते. मुलाची बोली कातकरी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. पहिले काही महिने मूल गप्प बसते, ते मंद म्हणून नव्हे. हे बाईंना कोणीतरी गोड शब्दांत सांगायला हवे, आणि आईला ते सांगता येत नसेल तर आपण सांगावे.

पालकांच्या बाजूनेही नियम आहेत, ते आपण लपवू नयेत. मुलाला शाळेत दाखल करणे हे कलम १० ने पालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि दाखल केल्यावर त्याला रोज वेळेवर पाठवायला हवे. बाजाराच्या दिवशी, खेकडे धरायच्या दिवशी, धाकट्याला सांभाळायच्या दिवशी असे करत हजेरी फाटत जाते. ‘पास तर करतातच’ ही समजूतही आता जुनी झाली. कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. त्यात राहिले तर पुनर्परीक्षा मिळते, तीही गेली तर मूल त्याच वर्गात बसते. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी असते, आणि तेव्हा आपले मूल भट्टीवर असते.

म्हणून दिवाळीपूर्वीचे काम सर्वांत महत्त्वाचे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे, काही शाळांत त्याला हमी कार्ड म्हणतात. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येते हे त्यावर लिहिलेले असते. ते दाखवले की भट्टीजवळच्या शाळेत त्याला त्याच वर्गात बसता येते, तिथले जेवण मिळते, आणि परत आल्यावर मूळ शाळेत अभ्यास पुढे चालू राहतो. रायगड जिल्ह्यातले मूल ठाणे जिल्ह्यात गेले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून महापालिकेच्या शाळेत गेले, तरी पत्रक तेच. पण ते आपोआप हातात पडत नाही. निघण्याच्या निदान आठवडाभर आधी आईने किंवा वडिलांनी शाळेत जाऊन सांगावे लागते: कुठे जाणार, कोणता तालुका, कोणाची भट्टी, किती महिने. आपल्याकडे बहुतेक कुटुंबे न सांगता जातात. उचल घेतल्याची लाज असते, आणि मुकादमाचे नाव सांगण्याची भीतीही असते. मग महिनाभर मूल दिसले नाही की ते शाळाबाह्य मुलांत मोजले जाते. कलम १६ प्रमाणे शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, म्हणजे नाव पुन्हा मागण्याचा हक्क शाबूत असतो. तो कोणी मागत नाही, ही खरी अडचण आहे.

आजी-आजोबा वाडीवर राहणार असतील तर मुलाला मागे ठेवणे सर्वांत बरे. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, त्यामागे हाच विचार आहे. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलीला क्वचितच मागे ठेवतात, कारण भट्टीवर तान्ह्या भावंडाला सांभाळायला तीच लागते. तिथे नियम सांगून भागत नाही. तान्ह्याची सोय झाली तरच मुलगी शाळेत जाते.

शाळा मुलांपर्यंत गेल्याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत येता येईना, तेव्हा त्यांनी चरणीच्या रानातच कुरणशाळा भरवली. नंतर जुन्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असतात. वाडीवरची एखादी ताई तिथे असेल तर हमी पत्रकाचा विषय दिवाळीआधीच्या सभेत निघतो. तिला सभेची तारीख कळवणे आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीचा विचार करणे, एवढे तरी आपण करू शकतो.

जाता जाता आपल्या घरचेही बोलू. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा वंचित मुलांना देण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे. पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. मिशनच्या शाळा त्यांतच येतात. आपल्यावर सक्ती नाही. मग वाडीवरची किती मुले आपल्या शाळांच्या पटावर आहेत, हे प्रत्येक मंडळीने आपल्या शाळेत जाऊन विचारावे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीचे दोन शनिवार वाड्यांवर जाण्यासाठी ठेवावेत. प्रत्येक घरी विचारावे: कोण जाणार, कुठे, कोणती मुले सोबत, आजी राहणार का. यादीत मुलाचे नाव रजिस्टरमध्ये आहे तसेच उतरवावे, वडिलांचा किंवा मुकादमाचा फोन नंबर घ्यावा, आणि सोमवारी आईसोबत शाळेत जाऊन पत्रकाचा अर्ज द्यावा. अर्जाची पोच मागायला विसरू नये. पत्रक मिळाले की ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हाती द्यावे, कारण भट्टीवरच्या झोपडीला दार नसते.